ड्रायरवरची जमना

तारापूर एमआयडीसीत, रसायनांच्या कंपन्यांच्या मागच्या गल्लीत, फळांची पावडर करणारा एक लहान कारखाना आहे. जमना वरठा तिथे आली ती फळं निवडायला. त्याआधी भातकापणी उरकली की ती आणि तिचा नवरा बन्सी दरवर्षी वीटभट्टीवर जात. मनोरच्या पलीकडच्या पाड्यातल्या निम्म्या घरांचं तसंच होतं. मग बन्सीला एमआयडीसीत माल चढवायचं काम मिळालं, दोघांनी जवळच्या सालवड गावात खोली घेतली आणि जमनाचं भट्टीवर जाणं सुटलं.

ड्रायर चालवणारा माणूस एका हंगामात काम सोडून गेला, तेव्हा चार दिवसांपुरतं म्हणून तिला तिथे उभं केलं. त्या चार दिवसांची नऊ वर्षं झाली. यंत्रावरची इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण आकडे कळत. आणि आकड्यांपेक्षा हात जास्त कळत. आवळ्याची फोड बोटांत धरून मोडली की कोरडी झाली का नाही, ते ती आवाजावरून सांगायची. कारखान्याचे मॅनेजर सुजितसाहेब नव्या माणसांना म्हणत, मशीन बिघडली तर मला विचारा, माल बिघडला तर जमनाबाईंना.

सील नीट न बसलेली पाकिटं कामगारांना फुकट मिळत. जमना ती पाड्यावर नेऊन वाटायची. पाकिटावर चार टपोऱ्या आवळ्यांचं चित्र होतं आणि लिहिलं होतं, एक चमचा म्हणजे चार आवळे. पाड्यावर जमनाच्या पाकिटाला मान होता.

त्या वर्षी मार्गशीर्षात पाड्यावर राहणारी तिची सून तानी सात महिन्यांची गरोदर होती. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ती रानाच्या कडेला जाऊन आवळे गोळा करून खायची. जमनाने तिला दटावलं. या दिवसांत झाडाखाली वाकत कशाला फिरतेस, म्हणाली, आणि तीन पाकिटं हातात ठेवली. तानीने आवळे गोळा करणं सोडलं.

त्याच सुमारास कारखान्याच्या प्रयोगशाळेत मेघाली नावाची पालघरची मुलगी नव्याने लागली. एकदा नमुना द्यायला गेलेली जमना तिथेच रेंगाळली. मेघाली ताज्या आवळ्याच्या रसात निळे थेंब सोडत होती. थेंब पडायचा आणि रंग नाहीसा व्हायचा. पुन्हा थेंब, पुन्हा नाहीसा.

“कुठं जातो हा रंग?” जमनाने विचारलं.

मेघालीने सांगितलं की आवळ्यातलं सी व्हिटॅमिन तो रंग घालवतं. व्हिटॅमिन संपलं की रस गुलाबी होऊन तसाच राहतो. मग तिने, तेवढ्याच आवळ्यांपासून निघेल इतकी पावडर पाण्यात कालवून घेतली आणि थेंब सोडायला लागली. थोड्याच थेंबांत भांडं गुलाबी झालं. जमना वाट बघत राहिली. रंग गेला नाही.

“चार आवळ्यांची पावडर घेतली, मावशी. एका आवळ्याएवढंही उरलेलं नाही.”

ते कसं, हेही मेघालीने समजावलं. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून तासन्‌तास पाण्यात ठेवतात, तेव्हा बरंचसं पाण्यात उतरतं. उरलेल्यातलं बरंच ड्रायरच्या ऐंशी अंशांच्या आचेवर नाहीसं होतं. दळताना पावडर तापते, तेव्हा आणखी थोडं.

“माल वाळताना गल्लीभर वास येतो तो त्याचाच?” जमनाने विचारलं.

“वास वेगळा आणि व्हिटॅमिन वेगळं. पण जास्त उष्णतेने दोन्ही जातात.”

ऐंशीचा आकडा लावणारा हात जमनाचाच होता. त्या दुपारी तिने डबा उघडला नाही. बाहेर पायरीवर बसून तानीला फोन केला. पाकिटाच्या भरवशावर राहू नकोस, आवळा खा, आणि मनोरच्या दवाखान्यात हिरड्या दाखवून ये, असं सांगितलं. तानीने विचारलं, पाकीट वाईट हाय का? वाईट नाय, जमना म्हणाली, पण लिवलंय तेवढं त्यात नाय.

तिला वाटलं, कारखान्यापेक्षा आपली पाड्यावरची रीत चांगली. पुढच्या आठवड्यात तिने छपरावर कडक उन्हात वाळवलेल्या फोडी मोठ्या विश्वासाने मेघालीपुढे ठेवल्या. त्या कारखान्याच्या पावडरीहूनही कमी भरल्या. चार दिवस उघड्यावर हवा आणि ऊन लागलं, मेघाली हळूच म्हणाली. जमनाला ते लागलं, पण तिने हट्ट सोडला नाही. सावलीत वाळवून बघितलं. व्हिटॅमिनचा आकडा वर गेला, पण जाड फोडींना आतून बुरशी धरली. फोड पातळ हवी आणि आच मंद हवी, एवढं तिच्या ध्यानात पक्कं बसलं.

माल मंद आचेवर वाळवू या, हे सांगायला मेघाली तपासणीचे कागद घेऊन सुजितसाहेबांकडे गेली, तेव्हा जमनाही सोबत होती. साहेब काही वाईट माणूस नव्हते. मोठी ऑर्डर डोक्यावर होती आणि मंद आचेवर दुप्पट वेळ जाणार होता. त्यांनी सोपा उपाय काढला. तयार सी व्हिटॅमिन बाजारात मिळतं, ते मिसळू, आकडा भरून निघेल.

जमना इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढे आली.

“मिसळा, साहेब. पण मंग मिसळलंय असं लिवा. चार आवळे लिवू नका. त्याच्यावर इसंबून मी माज्या सुनेला झाडाचा आवळा सोडाय लावला.”

साहेबांनी पाकीट उचलून ती ओळ वाचली. त्यांनीच ती छापून घेतली होती. मग म्हणाले, एक ड्रायर आठवडाभर मंद आचेवर चालवा, काय होतं बघू.

जमनाने फोडी पातळ करवून घेतल्या, फोडी भिजवायचा पाण्याचा टब बंद केला, ट्रेमध्ये निम्माच माल पसरला आणि आकडा पंचावन्नवर ठेवला. पहिली खेप तिने ओलसर समजून परत आत घातली, तेवढी वाया गेली. दुसरी जमली. त्या पावडरीने आधीच्या दुपटीहून जास्त थेंब घेतले. ताज्या आवळ्याच्या जवळ ती तरीही पोचली नाही, आणि मेघालीने तसं स्पष्ट लिहिलं.

आता तीनपैकी एक ड्रायर मंद चालतो. तो माल वेगळ्या पाकिटात जातो. बाकीचे दोन जुन्याच आकड्यावर आहेत, पण कुठल्याच नव्या पाकिटावर चार आवळ्यांची ओळ नाही. साहेबांकडून एवढंच झालं, आणि जमना त्यावर कुरकुरत नाही.

तानीला डॉक्टरांनी सांगितलं, या दिवसांत हिरड्या सुजतात, दात नीट घासा, फळं खा. माघात तिला मुलगी झाली आणि पुढे हिरड्याही बऱ्या झाल्या. आवळ्याने, डॉक्टरांनी की आपोआप, हे जमना छातीठोक सांगत नाही. उन्हाळ्यात पाड्यावरच्या बाया पाकीट मागतात तेव्हा देते, आणि सोबत सांगते, “आता झाडावर नाय म्हणून हे. झाडावर आलं की मला इचारू नका, सरळ रानात जा.”