नाडीवरची खूण

टेपमावशीला देखरेख समितीवर घेतलं, तेव्हा समितीवर आधीपासून असलेल्या हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला होता. समितीचं काम म्हणजे शहरातल्या दवाखान्यांत आणि वृद्धाश्रमांत महिन्यातून एकदा न कळवता जायचं, उघड्या डोळ्यांनी हिंडायचं आणि जे दिसेल ते आरोग्य खात्याला लिहून द्यायचं. पगार नाही, भत्ता नाही, चहा मिळाला तर नशीब. अशा कामाला नियम जाणणारा, चार ओळी धड लिहिणारा माणूस हवा असं हेडमास्तरांचं मत होतं. थोडक्यात, त्यांच्यासारखाच. आणि आली कोण, तर बाजाराच्या कोपऱ्यावर चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेली बाई. दुकान बंद झालं तरी मोजायची टेप तिच्या गळ्यातून उतरली नव्हती. मुलाखतीत तिला विचारलं, "देखरेखीचा काही अनुभव?" ती म्हणाली, "निम्म्या शहराची कंबर मला पाठ आहे. कोण खचलंय ते मला आधी कळायचं, घरच्यांना मागाहून." सगळे हसले, आणि हसता हसता त्यांनी तिला घेऊन टाकलं.

नशिबानं म्हणा की खोडसाळपणानं, दोघांची जोडी लावली गेली. हेडमास्तरांकडे बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म असे. तो त्यांनी स्वतः बसून तयार केला होता, त्यामुळे तो त्यांचा जीव की प्राण. खोल्या स्वच्छ आहेत का, जेवण वेळेवर येतं का, वजनाचा रकाना दर महिन्याला भरलेला आहे का, असं सगळं ओळीनं. मावशी त्या फॉर्मला हातसुद्धा लावत नसे. ती खोलीत शिरायची, खुर्ची ओढायची, पिशवीतून सुईदोरा काढायची आणि विचारायची, "काही उसवलंय का हो?" मग कुणाचं बटण, कुणाच्या झग्याची शिवण.

"आपण पाहणीला आलोय का शिवणकामाला?" हेडमास्तर एकदा चिडून म्हणाले.

"फाटलेलं दाखवताना लाज गेली की माणूस बाकीचंही सांगतो, मास्तर. तुमच्या फॉर्मपुढे कोण तोंड उघडणार? तो बघितला की मलाच परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

आता नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात नऊ नंबरच्या खोलीत हेडमास्तरांचे दादा राहत. थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी शाळा सोडून बस हाकायला घेतली आणि धाकट्याला शिकवून हेडमास्तर केलं. सहा महिन्यांपूर्वी ते पडले, पायांनी कायमचा संप पुकारला आणि घरात एकट्या हेडमास्तरांना ते उचलेनात. दर रविवारी हेडमास्तर भेटायला जात. दादा दिवसेंदिवस आटत चाललेत हे त्यांना दिसत होतं. पण नोंदवहीत दर महिन्याला वजन बावन्न किलो लिहिलेलं असे, आणि छापील रकान्यातल्या आकड्यावर हेडमास्तरांचा देवापेक्षा जास्त विश्वास. वय झालं की अंग उतरतंच, असं ते स्वतःला समजावत. स्वतःच्या नातेवाइकाची खोली तपासायची नाही असा समितीचा नियम होता, म्हणून नऊ नंबर मावशीकडे असे.

त्या दिवशी साधी पाहणी नव्हती. दोघांच्या अहवालावर वृद्धाश्रमाचा पुढच्या तीन वर्षांचा परवाना ठरणार होता. साडेअकराच्या सुमारास हेडमास्तरांच्या बेचाळीसही खुणा करून झाल्या होत्या. व्यवस्थापकबाईंनी शिक्का आणि चहा दोन्ही टेबलावर आणून ठेवले होते. फक्त सह्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात मावशीनं हाक मारली. "मास्तर, इकडे या जरा."

"मला त्या खोलीत येता येत नाही. नियम आहे."

"मग दारात उभे राहा. दाराला नियम नाही."

हेडमास्तर दारात उभे राहिले. दादांच्या पायजम्याला नवी नाडी घालायची म्हणून मावशीनं जुनी ओढून काढली होती. ती तिनं दोन हातांत ताणून धरली.

"हा पायजमा दादा इथे आले तेव्हाचा. टोकाजवळ ही दबलेली जागा दिसते? इथे पहिल्यांदा गाठ बसायची. मग ही इथे. मग ही. आणि आजची गाठ इथे." तिनं गळ्यातली टेप काढून लावली. "दोन्ही टोकांचं मिळून पाच इंच. सहा महिन्यांत माणसाची कंबर पाच इंच उतरते आणि वजन हलत नाही? चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं नाही."

हेडमास्तर त्या नाडीकडे बघत राहिले. त्या मळकट पट्टीवर त्यांच्या भावाचे सहा महिने लिहिलेले होते, आणि ते वाचणारी बाई शाळेत जेमतेम चौथीपर्यंत गेली होती.

नर्सला बोलावलं. तिनं काही लपवलं नाही. "वजनाचा काटा उभं राहायचा आहे. ज्यांना उभं राहता येत नाही, त्यांचं मागच्या महिन्याचंच लिहितो. रकाना रिकामा ठेवला तर तुमच्या फॉर्ममध्ये आम्ही नापास होतो ना, सर."

हेडमास्तरांना बसायला खुर्ची लागली. ती दारातच ठेवली.

"आता आलोच आहोत तर जेवण बघून जाऊ," मावशी म्हणाली.

बाराच्या ठोक्याला ताटं आली. अगदी वेळेवर. सूप, पाव, उकडलेल्या भाज्या. दादांचा हात थरथरत होता. चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मं सूप छातीवर सांडत होतं. ते पुसायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा चमचा उचलायचे. बारा पंचवीसला मदतनीस मुलगी ताट न्यायला आली, कारण साडेबाराला स्वयंपाकघराची पाळी संपायची. "झालं का, आजोबा?" दादांनी मान हलवली. "झालं गं." निम्म्याहून जास्त ताट तसंच परत गेलं.

"दादा, तुझं झालं नव्हतं," हेडमास्तर दारातून म्हणाले.

"अरे बारक्या, तिला अजून अठरा ताटं उचलायची असतात. एका म्हाताऱ्यापायी पोरीला खोळंबून ठेवू? जन्मभर गाडी वेळेवर सोडलीय मी."

"मला सांगायचंस तरी."

"तू किती खूश असायचास ती वही बघून." दादा हसले. "म्हटलं, असू दे."

हेडमास्तरांनी फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला सुरुवात केली. वजनाचा खुर्चीचा काटा. हळू जेवणाऱ्यांना ताट सगळ्यांत आधी, आणि उचलायचं सगळ्यांत शेवटी. दुपारची पाळी एक वाजेपर्यंत. परवाना तीनच महिन्यांचा, मग पुन्हा तपासणी. व्यवस्थापकबाईंचा चेहरा पडला, पण त्यांनी वाद घातला नाही. त्या स्वतःच ती नाडी हातात घेऊन बघत होत्या. शेवटी हेडमास्तरांनी लिहिलं, की इथल्या मागच्या तीन 'समाधानकारक' अहवालांवर माझी सही आहे आणि ते तिन्ही चुकीचे आहेत. मग कागद मावशीपुढे ठेवला आणि विचारलं, "काही राहिलं का, बाई?" त्यांनी पहिल्यांदाच तिचं मत विचारलं होतं.

तीन महिन्यांनी तपासणीला दोघं पुन्हा गेले. खुर्चीचा काटा आला होता. नोंदवहीत नवे आकडे होते, पण हेडमास्तरांनी वही उघडली नाही. ते नऊ नंबरच्या दारात जाऊन उभे राहिले. मावशीनं दादांच्या अंगावरची चादर जरा बाजूला केली, नव्या नाडीवर पहिल्या दिवसाची खूण शोधली आणि आजची गाठ बघितली. मग हेडमास्तरांकडे वळून एक बोट वर केलं. गाठ बोटभर टोकाकडे सरकली होती.

घड्याळात पाऊण वाजला होता. दादांच्या मांडीवर अजून ताट होतं. हेडमास्तरांना काही तरी बोलायचं होतं, पण दादांनी चमच्यानंच त्यांना थांबवलं.

"थांब रे बारक्या," तोंडातला घास चावत ते म्हणाले, "माझं अजून झालं नाही."