एकेक फ्यूज काढत

पडदे शिवणाऱ्या बाईंच्या अंगावर पहिल्यांदा पित्त उठलं ते कारखान्यात. मालकांना नात झाली होती, म्हणून चहाच्या सुट्टीत बेकरीतून केक, बिस्किटं, खाऱ्या काड्या असं बरंच काही आलं होतं. बाई खाऊन मशीनवर बसल्या आणि अर्धा पडदा शिवून होतो न होतो तोच मान खाजायला लागली. मग हात, मग पोट. शेजारच्या टेबलावर कापड बेतणारी कटिंगवाली हातातली कात्री खाली ठेवून म्हणाली, "अगं, आरशात बघ जरा. ओठाला मधमाशी चावली की काय तुझ्या?"

गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळी दिली. तासाभरात चट्टे बसले. "खाण्यातलं काहीतरी असावं," ते म्हणाले. "पुन्हा झालं तर मोठ्या इस्पितळात जा. अ‍ॅलर्जीची तपासणी तिथेच होते, घरी नाही."

शेवटचे दोन शब्द बाईंच्या नवऱ्याने ऐकलेच नाहीत.

ते वीज कंपनीत मीटर दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांचा वेळ जाता जात नव्हता. घरातल्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करून झाल्या, मग न बिघडलेल्याही उघडून झाल्या. त्यानंतर ते नुसते खिडकीत बसायचे. त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना मात्र त्यांची पावलं झपझप पडत होती.

"इस्पितळात नंबर लागेपर्यंत तू खाजवत बसणार का?" ते म्हणाले. "शॉर्ट सर्किट कसं शोधतात माहीत आहे ना? एकेक फ्यूज काढायचा आणि बघायचं. तसंच करायचं. एकेक पदार्थ बंद."

"अहो, पण मी काय घराचं वायरिंग आहे?"

"त्याहून सोपी आहेस," ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले होते. बाईंना तेवढ्यानेच बरं वाटलं, आणि तिथेच त्या फसल्या.

पहिल्यांदा दूध गेलं. दुधाशिवाय हाडं ठिसूळ होतील म्हणून मीटरवाल्यांनी कुठेतरी वाचून रात्रीच्या भातावर चिमूटभर तीळ घालायला सुरुवात केली. खाज थांबली नाही. जेवण झालं की हमखास दंडावर चट्टे यायचे. मग गहू गेला. मग अंडी, शेंगदाणे, टोमॅटो. रात्री ते भिंग घेऊन तिच्या हातावरचे चट्टे तपासायचे, जीभ बाहेर काढायला लावायचे, बोटांनी मानेच्या गाठी चाचपायचे. "आज कालच्यापेक्षा कमी आहे," असं म्हणताना त्यांचे डोळे चमकायचे. जास्त असले तर आणखी एक डबा वरच्या फळीवर जायचा.

बाईंचं तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. ओरडावं तर कुणावर? माणूस दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता. सकाळी उठून तिच्यासाठी बटाटे उकडत होता.

कारखान्यात दुपारी सगळ्यांचे डबे उघडले की बाई आपला डबा मांडीवरच ठेवून खायच्या. एक दिवस कटिंगवालीने न विचारता पावाचा अर्धा तुकडा त्यांच्या हातात कोंबला. "खा. साधा पाव आहे, विष नाही." बाईंनी दाराकडे बघितलं, जणू नवरा तिथे उभाच होता, आणि तो तुकडा चावून चावून खाल्ला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ला. पुढे तर कटिंगवाली रोज दोन पाव आणायला लागली.

पण रात्री जेवणानंतर चट्टे उठले की बाई मनातल्या मनात पावाचे तुकडे मोजायच्या. दुपारचा पाव आता बाहेर पडतोय, असंच त्यांना वाटायचं. भिंग धरून बसलेला नवरा विचारायचा, "बाहेर काही खाल्लं नाहीस ना?" त्या म्हणायच्या, "छे." सांगितलं असतं तर महिन्याभराची त्यांची मेहनत पाण्यात, आणि ते परत खिडकीत. न सांगावं तर चोर आपणच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग नवऱ्याने मागवलेली एक पेटी टपालाने आली. घरच्या घरी तपासणीची. मीटरवाल्यांनी साबणाने हात धुतले, तिचं बोट धरलं, सुई टोचली आणि रक्ताचा थेंब कागदावर टिपून पाकीट पाठवून दिलं. अहवाल आला तेव्हा त्यांनी तो चष्मा पुसून पुसून वाचला. गहू लाल, दूध लाल, अंडी लाल, तांदूळसुद्धा लाल. आयुष्यभर जे जे खाल्लं ते सगळं लाल.

"भातसुद्धा?" बाईंनी विचारलं.

"घाबरू नकोस. हिरवंही आहे ना. रताळं, नाचणी, तीळ. तीळ तर एकदम हिरवे!" ते उत्साहाने म्हणाले. "आता चिमूटभर नको, चांगले वाटूनच देतो. ताकद येईल."

मुलगी दुसऱ्या गावात शिक्षिका होती. ती दोन दिवसांसाठी आली आणि आईला बघून दारातच थबकली. परकर पिनांनी टाचलेला, गालाची हाडं वर आलेली.

"बाबा, हे काय चाललंय? तिला इस्पितळात न्या."

"तपासणी झाली आहे. कागद दाखवू?"

"आई, तू तरी बोल."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "ते माझ्यासाठीच करतायत गं," एवढंच त्या म्हणाल्या. मुलगी रागाने खोलीत निघून गेली. स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईंना कळेना, आपण नक्की कुणाची बाजू घेतली.

मुलगी तिथे होती हेच नशीब म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवाल्यांनी वाटलेल्या तिळाचा गोळा वाटीत दिला. बाईंनी तो रताळ्याबरोबर खाल्ला. वाटी धुवायला उठल्या तेव्हा तळहात पेटल्यासारखे झाले. मग घसा. कुणीतरी आतून दोरी आवळत होतं. त्यांनी "अहो" म्हणायचा प्रयत्न केला, पण निघाली ती नुसती शिट्टी.

मीटरवाले भिंग हातात घेऊन उभेच राहिले. मुलीने धावत जाऊन वरच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याला उठवलं. त्याने बाईंना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं.

इस्पितळात मांडीत इंजेक्शन दिल्यावर श्वास परत आला. बऱ्याच वेळाने एक डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या. "गेल्या महिन्याभरात काय काय खाल्लंत, सगळं सांगा. लपवू नका."

मीटरवाले पायथ्याशी उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "दुपारी पाव खायचे. रोज. कटिंगवाली आणायची."

"पाव खाल्ल्यावर काही झालं?"

"कारखान्यात कधीच नाही. रात्री जेवल्यावर व्हायचं."

"रात्री जेवणात काय?"

उत्तर मीटरवाल्यांनी दिलं. "तीळ. मीच घालत होतो."

पुढे तिथल्या तपासण्यांमध्ये तेच निघालं. दोष फक्त तिळाचा. त्या दिवशी बेकरीतून आलेल्या खाऱ्या काड्यांवरही तीळ होते, असं कटिंगवालीने आठवून सांगितलं. अख्खे तीळ बरेचसे न पचताच जातात, वाटलेले मात्र पुरते अंगी लागतात; म्हणून आधी नुसती खाज आणि मग हे, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. घरच्या अहवालाबद्दल त्या म्हणाल्या, "माणूस जे जास्त खातो तेच त्यात लाल दिसतं. त्यावरून अ‍ॅलर्जी कळत नाही."

घरी आल्यावर मीटरवाल्यांनी वरच्या फळीवरचे डबे खाली काढले, तिळाची बरणी बाहेर नेऊन टाकली आणि स्वयंपाकघरात पाय ठेवायचं बंद केलं. डॉक्टरांनी दिलेलं जीव वाचवायचं इंजेक्शन मात्र सदऱ्याच्या खिशात कायम असायचं, अगदी दाढी करतानासुद्धा.

सगळं खायची मोकळीक मिळाली, पण बाईंना खाता येईना. समोर उकडलेलं अंडं असायचं आणि हात मांडीवरून उठायचा नाही. दूध ओठाला लावलं की घसा आवळतोय असं वाटायचं, पण खरं तर तो आवळत नसायचा. त्या वाट बघत बसायच्या. मुलगी फोनवर विचारायची, "आई, आता सुटलीस ना?" बाई म्हणायच्या, "हो गं." डॉक्टरीणबाईंनी त्यांना चारपाच वेळा बोलावून घेतलं, समोर बसवून एकेक घास खायला लावला. तेव्हा कुठे अंडं गळ्याखाली उतरलं. भाताला आणखी वेळ लागला. परकराच्या पिना निघाल्या त्या हिवाळा सरताना.

एका रविवारी बाई बटाट्याची भाजी करत होत्या. मीटरवाले उंबऱ्याच्या पलीकडे उभे होते, खिशावर हात ठेवून. आत यायचं नाही आणि तिथून हलायचंही नाही, असं त्यांचं रोजचं चाललं होतं. बाईंना एकाएकी राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"दारात काय खांबासारखे उभे राहता? आत या, नाहीतर जा तरी."

ते गोंधळले. "मी पुन्हा काही... नकोच."

"मग मीठ कोण बघणार? मला अजून चव धड कळत नाही."

ते बिचकत आत आले. बाईंनी चमच्याने थोडा रस्सा दिला. त्यांनी तो तोंडात बराच वेळ घोळवला.

"थोडं कमी आहे," ते हळूच म्हणाले.

बाईंनी मिठाचा डबा त्यांच्याकडे सरकवला आणि गॅस बारीक केला.