कंट्रोलच्या दोन ओळी

माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकते. पण त्या दिवशी दिंडोरीच्या बागेत फिरलं, ते फिरायलाच हवं होतं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी नाशिकच्या एका संशोधन संस्थेत मातीतल्या जीवांवर काम करायचे. प्रश्न साधा होता: द्राक्षांवर बुरशीसाठी वर्षानुवर्षं निळा मोरचूद फवारला, की खालच्या गांडुळांचं काय होतं? त्यासाठी एका बागेत दोन ओळी बिनफवारणीच्या ठेवल्या होत्या. बाकीच्या ओळींशी त्यांची तुलना करायची. अशा ओळींना आम्ही ‘कंट्रोल’ म्हणतो. हा तिसरा हंगाम, शेवटचा. तो हातचा गेला तर आधीचे दोन पाण्यात.

बागवाल्यानं होकार दिला तेव्हा त्याला वाटलं, कंट्रोल म्हणजे रेशन. औषध सरकारी भावात मिळणार. ओळींवर डावणी नावाची बुरशी पडली, पानं तेलकट डागांनी करपली, तेव्हा त्याला खरा अर्थ कळला. तेव्हापासून मी दिसले की तो थुंकायचा. माझ्यावर नाही, बाजूला. पण माझ्याकडे बघून. शेजारचे बागायतदार म्हणायचे, रोग हिच्या ओळींतून आमच्याकडे येतो, या बाईला बांधावर उभं करू नका. त्याच्या बायकोनं तर एकदा चहा देता देताच सुनावलं, "तुमच्या कंट्रोलपेक्षा रेशनचा कंट्रोल बरा. त्यातले किडे निवडून धान्य खाता तरी येतं." मी कप तसाच ठेवून निघाले.

आमचे साहेब, म्हणजे विभागप्रमुख, मात्र भारी गोड. गोड बोलून केसानं गळा कापणारा माणूस. मोठे पाहुणे बाग बघायला येणार होते आणि साहेबांचं एकच पालुपद, करपलेल्या ओळी बऱ्या दिसत नाहीत. मी म्हटलं, त्या करपू द्यायच्या म्हणूनच ठेवल्यात. साहेब हसले. मी दिवाळीला माहेरी गेले.

परतले ती पाहुण्यांच्या दिवशी, थेट बागेत. माझ्या दोन्ही ओळी हिरव्यागार. रोगट पानं खुडलेली, नवी पालवी तरारलेली. आणि साहेब पाहुण्यांना सांगत होते की यांच्यावर काहीही मारलेलं नाही, ही सगळी जिवंत मातीची किमया. पाहुणे माना डोलवत होते. मी एक पान तोडून बघितलं. शिरांच्या कडेनं निळसर थर. मेल्यांनी मोरचूद मारला होता.

मी बागवाल्याकडे वळले. त्याची गचांडीच धरणार होते, पण तो आधीच बोलला, "माझ्याकडं नका बघू, मॅडम. तुमच्याच साहेबांचा निरोप होता. आम्ही तर कवाचे पंप भरून बसलो व्हतो."

मी अंगठा त्या पानावर घासला आणि पाहुण्यांच्या नाकासमोर धरला.

"काहीच मारलं नाही, तर हे निळं कुठून आलं ते साहेबांना विचारा."

साहेब म्हणाले, मॅडम प्रवासानं थकल्यात. मग चहा गार होतोय म्हणत सगळ्यांना पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवाकडे घेऊन गेले. पाहुणे माना डोलवतच मागोमाग गेले. त्या क्षणी त्या माणसाचा जेवढा राग आला, तेवढा आजवर कुणाचा आला नाही. तो अजून ओसरलेला नाही, आणि ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी ओळीत बसले, खुरप्यानं माती उकरली. एक गांडूळ वळवळत वर आलं. जिवंत होतं, पण आता ते कशाचाच पुरावा नव्हतं. मला रडू फुटलं.

बागवाला मागे येऊन उभा राहिला. पहिल्यांदाच थुंकला नाही.

"मॅडम, तुमचं तर आता मोडलंच. मंग आजची फवारणी करू का हितं बी?"

"करा," मी म्हटलं. "आणि पंपात उरलं तर मांडवाकडे न्या."