तिसरं सील

आमच्या जीपच्या इंजिनाचं पुढचं सील एका महिन्यात तीनदा बदललं, आणि तिन्ही वेळा ते बदलणारा माणूस एकच होता, माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. सील म्हणजे बांगडीएवढं काळं रबर. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला ते बसतं, त्यातून पुलीचा दांडा फिरतो आणि ऑइल आतच राहतं. ते गेलं की पुलीखाली थेंब पडायला लागतात.

दादांनी केदारखेडा ते भोकरदन वर्षानुवर्षं सीटा, म्हणजे भाड्याचे प्रवासी, भरून ही जीप चालवली. तेवढ्या काळात तिचं बोनेट दुसऱ्या कुणी उघडलं नाही. स्टँडवर इतरांच्या गाड्या बंद पडल्या तरी लोक दादांनाच बोलवायचे, आणि दादाही हातातला चहा तसाच ठेवून जायचे. आता सीटा बंद झाल्यात. जीप कापूस वेचणाऱ्या बायांना शेतात सोडते आणि दादांना बाजाराला नेते. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, वय झालं. दादांनी ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

मी जालन्याला ऑफिसात आहे, रविवारी घरी येते. घरात मला चिडकी म्हणतात. मी चिडकी नाही, तेच ते काम पुन्हा पुन्हा केलेलं मला बघवत नाही, एवढंच.

दिवाळीनंतर पहिल्यांदा थेंब दिसले. दादांना आता गाडीखाली झोपता येत नाही, म्हणून मी पोतं अंथरून खाली सरकले. वरून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ब्रीदर बघितला का?"

ब्रीदर म्हणजे नेमकं काय, हे मला माहीत नव्हतं. पण जीप मी कॉलेजात असल्यापासून चालवतेय, आणि तोंड वर करून विचारायचं म्हणजे कमीपणा वाटला. "बघितला, बराबर हाय," मी खालूनच म्हणाले. दादांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर ते कधी शंका घेत नसत, ही आमच्या घरातली जुनी खोड.

त्यांनी पंख्याचा पट्टा काढला, पुढचा मोठा नट सोडला, पुली ओढून काढली आणि नवं सील बसवलं. चार दिवसांनी पुन्हा थेंब. दुसरं सील बसवलं, तेही गळलं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, हट्ट सोडा. तुमचा हात थरथरतो, सील वाकडं बसतंय. मेकॅनिककडं न्या."

त्या दिवसापासून ते चहाची बशी डाव्या हातात धरायला लागले. उजवा हात धोतराच्या घडीत ठेवायचे. मला ते दिसत होतं, आणि माझंच बरोबर आहे असंही वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "आज बसवतो. हे गळलं तं माहा हात गेला म्हणायचं. मंग गाडी देऊन टाकू, घरात ठिवायची न्हाई."

जीप गेली तर दादा ओट्यावर बसून राहणार, आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांचं पुढं काय होतं ते मी गावात पाहिलंय. पण बोलायचं ते मी आधीच बोलून बसले होते.

त्या दिवशी त्यांनी काम फार सावकाश केलं. सीलच्या आतल्या कडेला बोटानं ग्रीस लावलं. सीलवर लाकडाचा ठोकळा धरला आणि हातोडी उचलली. हातोडी हवेत असताना हात थरथरत होता. ठोका पडताना थरथरत नव्हता. एक वर, एक खाली, एक डावीकडं, एक उजवीकडं, सगळे सारखे. मी ते पाहिलं, आणि तरी माझं बोलणं मागं घेतलं नाही.

आम्ही भोकरदनच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो. अंगणात जीप चालूच ठेवून मी पुलीखाली खोक्याचा पुठ्ठा सारला. थोड्या वेळानं त्यावर एक थेंब पडला, मग दुसरा. दादांनी गाडी बंद केली. पाने एकेक पुसून डब्यात ठेवले आणि डबा माझ्याकडं सरकवला. "न्हाई राह्यला हात," ते म्हणाले आणि आत गेले.

मला रडू येत होतं, आणि मला रडू आलं की राग येतो. रागातच मी जीप पुन्हा चालू केली आणि इंजिनावरचं ऑइल भरायचं झाकण फिरवलं. झाकण सैल होताच आतून फस्सकन गरम वाफ आली, तोंडावर ऑइलचे शिंतोडे उडाले. इंजिनाच्या पोटात एवढी हवा कोंडली होती, तीच सीलमधून ऑइल बाहेर ढकलत होती. ती बाहेर पडायला काहीतरी वाट असणारच. माझ्या डोळ्यांपुढं एक नळी आली, इंजिनाच्या मागच्या बाजूनं खाली लोंबणारी.

दादा विचारत होते तो ब्रीदर म्हणजे हीच नळी, आणि तिचं तोंड मीच बंद केलं होतं. दिवाळीच्या आधी पहिल्या वेचणीचा कापूस ओसरीत रचला होता. मी जीप ओसरीला भिडवून लावायची, आणि त्या नळीतून काळे थेंब आणि धूर पांढऱ्या कापसावर यायचा. मी ढिगातलाच मूठभर कापूस घेऊन नळीत कोंबला, वरून सुतळी बांधली. कापूस स्वच्छ राहिला. माझ्या हुशारीवर मी खूश होते, आणि नंतर ते विसरूनही गेले.

मी गाडी बंद करून खाली गेले. बोळा ऑइल पिऊन दगडासारखा झाला होता. स्क्रू ड्रायव्हरनं उकरून काढावा लागला. पुली कोरडी पुसून मी एकटीच भोकरदनला जाऊन आले, आणि पुठ्ठा पालटून, कोरी बाजू वर करून पुलीखाली सारला. चहाची वेळ होईपर्यंत त्यावर काहीच पडलं नाही.

बोळा हातात घेऊन मी आत गेले आणि दादांना सगळं सांगितलं. ब्रीदर काय असतो ते माहीत नव्हतं, तरी बघितला म्हणाले, हेही सांगितलं. माफी मागितली. त्यांनी बोळा हातात घेतला, दाबून पाहिला, सुतळीची गाठ पाहिली.

"तू बघितला म्हणलीस," ते म्हणाले, "म्हून मी महिनाभर ह्या हाताकडं बघून राह्यलो."

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी बोळा खिडकीत ठेवला आणि पान्यांचा डबा मागितला. मी तो त्यांच्यापुढं ठेवला. तेवढ्यात आईनं चहा आणला. दादांनी बशी उजव्या हातात घेतली. ती थरथरत होती, चहा धोतरावर सांडला, पण त्यांनी हात बदलला नाही.