एक नंबरचं बटण

दुपारी दीडला पाच मिनिटं राहिली की गुणाबाई हातातलं काम टाकून द्यायची. अर्धं घासलेलं भांडं तसंच मोरीत राहायचं. पदराला हात पुसत ती टीव्ही लावायची आणि टीव्हीशेजारच्या काळ्या डबीचा चपटा रिमोट उचलून एकेक बटण दाबत जायची. एक, दोन, तीन, चार, पाच. डबीवर पाच हिरवे दिवे ओळीनं लागायचे.

"बसा गो, बसा. चालू होतंय आता," ती म्हणायची.

घरात तिच्याशिवाय चिटपाखरू नसायचं.

पनवेलच्या कोळीवाड्यात खाडीकडं उतरणाऱ्या बोळातलं हे तिसरं घर. ती डबी तिथं आली त्याला पाच वर्षं झाली. सत्यजीत नावाचा, गळ्यात ओळखपत्र आणि पाठीला बॅग लावलेला एक पोट सुटलेला गृहस्थ ती घेऊन आला होता. लोक टीव्हीवर काय बघतात ते मोजणाऱ्या कंपनीचा माणूस. त्यानं सगळ्यांना समोर बसवून समजावलं होतं, की प्रत्येकाच्या घरात जाऊन विचारता येत नाही, म्हणून मोजकी घरं निवडतात. घरातल्या प्रत्येकाला एक नंबर. टीव्हीपुढं बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की परत दाबायचं. आणि डबीबद्दल कुणापाशी ब्र काढायचा नाही.

"सांगितला तर काय होईल?" गुणाबाईचा नवरा दादू म्हणाला.

"काका, सांगितलं तर सिरीयलवाले हार-पेढे घेऊन तुमच्या दारात उभे राहतील."

"मंग सांगताव की!"

सगळे हसले. घरचा कर्ता म्हणून दादू एक नंबर, गुणाबाई दोन, मुलगा कुंदन तीन, सून मोनाली चार आणि नात समृद्धी पाच. समृद्धी तेव्हा सात वर्षांची. सगळ्यांची बटणं तिलाच दाबायची असत, त्यावरून रोज रडारड.

त्याच वर्षी 'अंगणी उतरलं ऊन' सुरू झाली. रात्री साडेआठला, ऐन जेवणाच्या वेळेला. इनामदारांचा बंगला, मधोमध गोल जिना, अकरा माणसं आणि त्यांत नवी आलेली सून वसुधा. कोळीवाड्यातलं हे घर ताटं मांडीवर घेऊन ते बघायचं. दादूला मालिकेतलं फार काही कळायचं नाही, पण त्याचं लक्ष बारीक.

"या घरात मासली शिजत नाय का कवा?" तो विचारायचा. "नुसती श्रीखंडाची वाटी घेऊन जिन्यावरनं वर-खाली करतान."

"बामनांचा घर हाय ता," गुणाबाई म्हणायची.

"म्हनून तर सगली रडतान."

वर्षभरानं मालिका साडेआठवरून साडेसहावर आली. का, ते कुणी सांगितलं नाही. एक दिवस वेळ बदललेली दिसली, एवढंच. त्याच पावसाळ्यानंतर दादू चार दिवसांच्या तापात गेला. पुढच्या उन्हाळ्यात कुंदननं बेलपाड्याजवळ फ्लॅट घेतला. न्हावा शेव्याला त्याची क्रेनवरची नोकरी, पाळ्या अडनिड्या. पोरीची शाळाही तिकडं चांगली. "आये, तू पन चल," तो म्हणाला. दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला की हो म्हणायचं असं गुणाबाईनं मनाशी धरलं होतं. तिसऱ्यांदा तो म्हणाला नाही.

मग मालिका दुपारी दीडला ढकलली गेली.

तिकडं इनामदारांचं घरही ओसरत चाललं होतं. आधी जिना नाहीसा झाला, माणसं एकाच खोलीत बसून बोलायला लागली. सासरे एकाएकी भिंतीवरच्या फोटोत गेले. थोरला दीर कॅनडाला गेला आणि नुसता फोनवर उरला, त्याचा आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही. वसुधाच 'काय म्हणता भाऊजी, अस्सं?' करायची. पुढं तिलाही अपघात झाला, तोंडाला पट्ट्या बांधल्या आणि पट्ट्या सोडल्या तर आतून दुसरीच बाई निघाली. तीस वर्षं उरण नाक्यावर मासळी विकलेल्या गुणाबाईला ती पहिल्या नजरेला पटली नाही. "हिचे डोले बग," ती फोटोतल्या दादूला म्हणाली, "बरफावरच्या पापलेटावानी." पण तीनेक महिन्यांत तिचीही सवय झाली. बिचारी दुसरीच्या साड्या नेसून दुसरीच्या घरात वावरत होती, तिला तरी कोण होतं?

कुंदन रविवारी फोन करायचा. एका रविवारी समृद्धीनं फोन ओढून घेतला.

"आजी, तुझी सिरीयल बंद होणारे."

"कोन बोलला?"

"मोबाईलवर आलंय. रेटिंगच नाहीये. दुपारी कोण बघतं गं?"

"मी बगते."

"तू एकटी, आजी. एकटीनं काय होतंय?"

पोरगी हसून गेली. गुणाबाईच्या घशात मात्र ते बोचऱ्या काट्यासारखं राहिलं. गुडघे गेल्यापासून तिचा बाजार सुटला होता. सकाळ कशीबशी सरे, संध्याकाळी शेजारची हौसा ओट्यावर येऊन बसे. मधली दुपार तेवढी त्या मालिकेच्या खुंटीला टांगलेली. ती खुंटी निघाली तर दीड वाजता करायचं काय?

मग तिला बाजारातली एक युक्ती आठवली. पाटीपुढं शुकशुकाट असला की ती हौसाला गिऱ्हाईक म्हणून उभी करायची. हौसा बोंबील उलटेपालटे करून मोठ्यानं भाव पाडायला लागली की रस्त्यानं जाणारी खरी गिऱ्हाइकं थबकायची. दुसऱ्या दिवशी गुणाबाईनं दोनबरोबर तीन दाबलं. आठवड्यानं चार आणि पाच.

एक तिनं बरेच दिवस सोडलं होतं. मग मालिकेत वसुधाच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध दाखवलं, त्या दुपारी तिचा अंगठा आपसूक एकवर गेला. दिवा लागेल असं तिला वाटलं नव्हतं. दादूचं सगळं बंद झालं होतं; रेशनकार्डावरचं नाव, मोबाईलचा नंबर, होडीचा परवाना. हा दिवा तेवढा दाबल्याबरोबर लागला.

त्या दिवसापासून ती दिव्यांशी बोलायला लागली. भिंतीपलीकडून हौसानं एकदा ऐकलंच.

"गुणे, कोनाशी बोलतंस गो?"

"टीव्हीशी."

"टीव्ही काय बोलतंय?"

"तुज्यासारका मधी मधी तोंड घालत नाय, एवरा खरा."

असे पाच महिने गेले. एका दुपारी सव्वाच्या सुमाराला दारात सत्यजीत उभा. मधली वर्षं दुसराच कुणी यायचा, तो उंबऱ्यावरूनच सही घेऊन पळायचा. सत्यजीत चपला काढून आत आला, पाणी प्याला आणि बॅगेतून फॉर्म काढून बसला.

"मावशी, दुपारी घरात कोण कोण असतं?"

"सगली असतान."

"कुंदन?"

"हाय की. आताच बाहेर गेलाय."

"आणि समृद्धी? शाळा नसते?"

"दुपारचीच सुटते."

"दादूकाका?"

गुणाबाईची नजर भिंतीवर गेली. सत्यजीतनं मान वर केली. टीव्हीच्या वर दादूचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"मावशी, पाच माणसं रोज एकाच मिनिटाला बसतात आणि एकाच मिनिटाला उठतात. पाच महिन्यांत एकजणही मधे पाणी प्यायला उठत नाही. अशी माणसं नसतात हो. कॉम्प्युटरला संशय आला. असं घर तो बाजूला काढतो. पाच महिने तुमचं घर मोजलेलंच नाही."

"पाची जनांना नाय धरला?"

"कुणालाच नाही."

"मना पन?"

"तुम्हालाही नाही." त्यानं आवाज खाली आणला. "तुमचं एकटीचं बटण दाबलं असतंत तर ते धरलं असतं. आमचं एक माणूस म्हणजे बाहेरची हजारो माणसं."

गुणाबाई भिंतीला टेकून बसली. चार खोट्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत एक खरं गिऱ्हाईक पाच महिने ताटकळत उभं होतं आणि ते तिनंच झाकून टाकलं होतं.

"बंद होतंय ना ता?" तिनं विचारलं.

"पुढच्या शनिवारी शेवटचा भाग आहे. पण ते तुमच्यामुळं नाही, मावशी."

"माज्यामुलं चालला पन नाय."

ती डबीकडं बघत म्हणाली, "नेतंस का ही?"

"कशाला? एकट्या माणसाचं घरसुद्धा लागतं आम्हाला. पुष्कळ आहेत तशी."

"कुटं हायत?"

"ते सांगता येत नाही. गुप्त असतं." त्यानं फॉर्म पुढं घेतला. "आता घरात माणसं किती, ते तुमच्या तोंडून हवं. मला मनानं लिहिता येत नाही."

"मना धरून?"

"तुम्हाला धरून."

बाहेर कुणाची तरी स्कूटर बोळ चढून गेली.

"एक," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. मग मोबाईल डबीला जोडून काहीबाही केलं आणि म्हणाला, "झालं. सोमवारपासून घर मोजणीत आलं. तुमचं बटण आता एक नंबर."

"एक नको. एक त्यांचा हाय. मी दोन."

"एकाशिवाय दोन घेत नाही, मावशी. मशीन आहे ते."

"मग त्या मशीनला सांग ना."

"मी सांगून ऐकत असतं तर," सत्यजीत म्हणाला आणि चपला घालून गेला.

सोमवारी टीव्ही लावला तशी डबी लुकलुकायला लागली. कोण बघतंय, ते सांगा म्हणून. सवयीनं तिनं दोन दाबलं. काही झालं नाही. तीन, चार, पाच मुकीच. एकवर तिनं बोट नेलं नाही. भाग संपेपर्यंत डबी लुकलुकत राहिली. मंगळवारी तिनं डबीवर फडकं टाकलं, तरी फडक्यातून उजेड दिसायचाच. शुक्रवारपर्यंत असंच चाललं.

शनिवारी शेवटचा भाग. कुठून आणला कोण जाणे, पण गोल जिना परत आला होता. कॅनडाचा दीर आला होता, थोडा जाडा होऊन. रुसून गेलेली नणंद आली, जेलातला जावई सुटून आला. सगळे जिन्यावर फोटोसाठी उभे राहायला लागले आणि गुणाबाई बोटांवर मोजायला लागली. नऊ भरले. मालिकेतली नवी वसुधा खालच्या पायरीवर कडेला उभी होती. तिला मधे कुणी बोलावलं नाही.

"ये गो, मधी ये," गुणाबाई तिला म्हणाली.

फडक्याखाली दिवा लुकलुकत होता. भाग अर्धा झाला होता. तिनं फडकं काढलं, दादूच्या फोटोकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "तुमची जागा घेतलेली नाय. मशीन आयकत नाय म्हनून."

अंगठ्यानं तिनं एक दाबलं. लुकलुक थांबली. हिरवा दिवा स्थिर झाला.

ती थोडा वेळ बघत बसली. घशाला कोरड पडली होती. रोज पडायची, पण पाचजण बसलेले सोडून उठायचं कसं म्हणून ती भाग संपेपर्यंत दम काढायची. आज ती गुडघ्यावर हात टेकून उठली. उठलात की परत दाबायचं, हे सत्यजीतनं सांगितलेलं आठवलं, मागं वळून तिनं एक दाबलं. दिवा विझला. मोरीजवळच्या कळशीतून तिनं तांब्याभर पाणी घेतलं आणि उभ्यानंच, सावकाश, सगळं प्याली. मग तोंड पुसत टीव्हीपुढं येऊन बसली आणि बटण पुन्हा दाबलं.