निष्काळजी लिहिणार नाही

बाबांचा पाय थेट पाहुण्याच्या पत्रावळीत पडला. वरणाचा द्रोण उलटला. पाहुण्याचं पांढरं धोतर पिवळं झालं.

सालेकशाकडच्या आमच्या गावात मालगुजारांच्या घरचं लग्न होतं. बाबा त्यांच्याच धानाच्या बांधीत राबायचे. राबणाऱ्यांची पंगत सगळ्यात शेवटी, गोठ्यामागं. तिकडं जाताना पाहुण्यांच्या ओळीला लागून जावं लागत होतं. मी लहान होते, बाबांचं बोट धरून चालले होते.

मालगुजार जागेवरून उठलेही नाहीत. घास चावत बोलले, “मोहाची ढोसून आला दिसते. काढा ह्याले बाहेर.”

“पेलो नाही जी,” बाबा म्हणाले. “दिसला नाही मले.”

“एवढा मोठा माणूस दिसला नाही तुले?”

पंगत हसली. एक जण उठला. बाबांच्या तोंडाजवळ नाक नेऊन त्यानं हुंगलं. सगळ्यांसमोर माझ्या बापाचं तोंड हुंगलं. वास नव्हताच. तरी म्हणाला, “येते, येते.” मग दोघांनी दंडाला धरून बाबांना फाटकाबाहेर सोडलं. मी मागोमाग. आम्ही उपाशीच घरी आलो.

बाबांनी जन्मात दारू घेतली नव्हती. पण त्या दिवसापासून गावानं नाव पाडलं, टुन्न. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून घसरून बांधीत पडले की लोक म्हणायचे, टुन्न पडला. शाळेत मी टुन्नची पोरगी. समोरचं त्यांना चांगलं दिसायचं, सुईत दोरा ओवायचे. बाजूचं आणि पायाखालचं दिसत नव्हतं. ते आम्हाला कळत नव्हतं, त्यांनाही सांगता येत नव्हतं. एकदा आईनंही विचारलं, “खरं सांगा, घेऊन राहिले का?” बाबा उठून बाहेर गेले, जाताना उंबऱ्याला ठेचकाळले.

पुढं समोरचंही धूसर झालं. गाव म्हणालं मोतीबिंदू असेल, पिकू द्या. मी तेव्हा कॉलेजात होते. आमगावला डोळ्यांचं शिबिर लागलं, तिथं मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब नसेला सुकवत नेतो. नजर कडेकडेनं मिटत येते, दुखत नाही. गेलेली परत येत नाही. उरलेली थेंबांनी राखता येते, पण थेंब जन्मभर टाकावे लागतात. बाबांचं राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“इतकी वर्षं काय करत होता?” डॉक्टरांनी विचारलं.

“पडत होतो जी,” बाबा म्हणाले.

परतीच्या गाडीत माझं डोकं तापलं होतं. तोवर वाटायचं, आमचं नशीब. नशीब कसलं? माणूस वर्षानुवर्षं पडत राहिला, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हा काऊन पडते. हुंगायला मात्र पुढं आले.

आज बाबा पूर्ण आंधळे आहेत. हा आजार घराण्यात उतरतो म्हणून माझे डोळे तपासले. दाब वाढलेला निघाला. तेव्हापासून मी रोज थेंब टाकते.

मी आता काचबिंदूच्या रजिस्टरचं काम करते. जिल्ह्यात ज्याला हा आजार निघाला त्याचं नाव, गाव, दाब, औषध टॅबवर चढवायचं. तपासणीची तारीख आली की फोन करायचा. आला नाही तर कारण लिहायचं. कारणांच्या यादीत एक शब्द आहे, निष्काळजी. तो निवडला की नोंद बंद होते. त्या माणसाला पुन्हा फोन नाही, तपासणीला आणायला गाडी नाही.

मागं गोंदियाला बैठक झाली. प्रकल्पाचे मोठे डॉक्टर पडद्यावर नावं बघत होते. सालेकशाकडच्या फुलवंताबाईचं नाव आलं. पुढं नोंद होती, फोन केला, प्रतिसाद नाही.

“जंगल साइड के लोग हैं,” ते म्हणाले. “मोहा पीके पड़े रहते हैं. निष्काळजी लिहा, बंद करा.”

दोन-चार जण हसले. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं.

मी उभी राहिले. “नाही लिहीत, सर.”

“मतलब?”

“मी तिच्या घरी जाऊन आले. नंबर तिच्या लेकाचा आहे. तो हैद्राबादला कामाला. फोन त्याच्याकडे वाजतो. बाई म्हणाली, थेंब टाकले का डोळा चुरचुरते, दिसते तर पहिल्यासारखंच, मग कायले टाकू? गेलेली नजर परत येत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आपणच सांगितलं नव्हतं.”

“हर एक के घर कौन जाएगा? भावनेवर रजिस्टर चालत नाही.”

“खोट्यावरही चालत नाही. माझ्या बापाला गावानं दारुडा ठरवलं, सर. तो आंधळा होत होता. आणि माझंही नाव या रजिस्टरात आहे. मी जंगल साइडचीच. उद्या मी आले नाही तर माझ्यापुढं काय लिहाल?”

डॉक्टर नरमले नाहीत. म्हणाले, “नोंद उघडी ठेवायची तर तुमच्या जबाबदारीवर. सालेकसा तुम्हीच सांभाळा. गाडी मिळणार नाही.”

“सांभाळते.”

आता मी बसनं जाते, बस नसेल तिथं पायी. फुलवंताबाईचा एक डोळा गेलाय. दुसऱ्यात थोडी नजर आहे. ती राखायची म्हणून ती थेंब टाकते, चुरचुरलं की मला शिव्या देते. देऊ दे.

बैठकीला मला बोलावत नाहीत. यादीतला तो शब्द अजून आहे. वरून निरोप येतो, जुन्या नोंदी बंद करा, आकडे वाईट दिसतात. दिसू द्या. ज्याच्या डोळ्यात बोटभर उजेड शिल्लक आहे, त्याचं नाव माझ्या हातानं बंद होणार नाही. ते काढायचंच असेल, तर आधी मला कामावरून काढा.