उपाशी झाड आधी काय सोडतं?

वैजू गेल्याचं कळवायला नेरला, तिच्या माहेरी, फोन मीच केला. तिच्या वडिलांनी, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, विचारलं, गच्चीवरच्या कुंड्यांना आज पाणी दिलं का? मला भयंकर राग आला. आता महिना उलटल्यावर वाटतं, तो माणूस दुसरं काय विचारणार होता!

वैजू, माझी बायको, यवतमाळात एका कृषी विद्यालयात शिकवायची. मी कोर्टातला कारकून. कपाशीशी माझा संबंध गादीपुरता. बोंडअळीनं जिल्ह्याला रडवलं त्या वर्षांत तिच्या डोक्यात एकच प्रश्न शिरला. बीटी कपाशी अळीला मारणारं विष स्वतःच्या अंगात तयार करते, आणि त्यासाठी तिला नत्र लागतं, आपण युरियातून देतो ते. आमच्याकडच्या मुरमाड जमिनीत तेच कमी पडलं तर? झाड खालच्या पानांतलं नत्र काढून बोंडांना पुरवतं, पानं पिवळी पडतात... पण विषाचं काय होतं? "उपाशी झाड आधी काय सोडते, पान, जहर का बोंड, हे मले पाहाचं हाय," असं ती पोळ्या लाटताना सांगायची आणि तव्यावरची पोळी करपायची.

गच्चीवर तिनं वाळूच्या कुंड्यांच्या दोन ओळींत बीटी कपाशी लावली. नत्र सोडून बाकी सगळं ती झाडांना मोजून द्यायची. त्याच पावसाळ्यात तिच्या किडन्या गेल्या. रक्तातला युरिया वाढत चालला आणि डायलिसिस मागे लागलं. "झाडाले युरिया भेटून नाही राह्यला, अन् माह्या रक्तात मावून नाही राह्यला," म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही. मी उठून वॉर्डाबाहेर गेलो.

ती दवाखान्यात असताना आबा घर सांभाळायला आले. सारा जन्म कपाशीत गेलेला माणूस. इकडे लेक आजारी, तिकडे तिची झाडं भुकेनं पिवळी... त्यांनी बाजारातून युरिया आणला आणि मायेनं कुंड्यांत घातला. मागची ओळ वाचली ती केवळ पुडी संपली म्हणून. वैजू घरी आली तेव्हा पुढची झाडं हिरवीगार होती. ती तिथंच जिन्यावर बसली. पुन्हा पेरायला दुसरा हंगाम तिच्याजवळ नव्हता, आणि हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"बाई, मले पाहवलं नाही," आबा म्हणाले.

ती एवढंच बोलली, "आबा, मांगच्याईले देऊ नका. त्याईले तसंच राहू द्या." ओरडली असती तर बरं झालं असतं.

आबा नेरला परतले. मागच्या ओळीनं बोंडं धरली. ती फुटायच्या आत वैजू गेली. धीर धरा म्हणणाऱ्यांना मी आता दारातूनच परत पाठवतो. कशासाठी धरायचा धीर?

आबा आता इथेच असतात. सकाळी गच्चीवर जातात, त्या ओळीला तिनं सांगितलं तेवढंच देतात आणि झाडांकडे पाठ करून बसतात, कारण अजूनही पाहवत नाही. खालची पानं सगळी गळली. परवा त्यांनी मला वर बोलावलं. एक बोंड फुटलं होतं, सुपारीएवढं. आबांनी त्याला हात लावला नव्हता.

"जवाईबापू, आता काय करा लागते? तिनं तुमाले सांगतलं काय?"

नव्हतं सांगितलं. पान सोडून झाडानं बोंड धरून ठेवलं होतं, एवढं आम्हा दोघांनाही दिसत होतं... जहराचं कसं पाहायचं, हे फक्त तिला येत होतं.